फिरकीचा तांब्या आणि आइसलंडच्या चौघी

सातारा,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय नलू,

तुझी मेल दुपारीच वाचली होती, पण उत्तर निवांत लिहायचं म्हणून जेवणं आटोपेपर्यंत थांबले. आईकडची ओळ सांगणाऱ्या डीएनए तपासणीसाठी एवढे पैसे भरले, नळीत थुंकी घालून पाठवली, दोन महिने वाट पाहिली आणि उत्तर काय, तर ‘एम’. ते तर निम्म्या हिंदुस्थानाचं असेल, असं तू लिहिलंस. खरंच आहे. निम्म्याहून जास्त भारतीयांची आईकडची ओळ त्याच मोठ्या शाखेत मोडते. पण तुझं शेवटचं वाक्य मला लागलं: “आईच्या आईच्या आईचं नावच मला ठाऊक नाही, मग हे कळून करू काय?” हे लांबलचक पत्र त्या वाक्यासाठी आहे.

तू कॉमर्सवाली, म्हणून आधी थोडं सांगते. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात, मायटोकॉण्ड्रिया. त्यांचा स्वतःचा इवलासा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. तो फक्त आईकडून येतो. मुलग्यालाही मिळतो, पण त्याच्यापाशी थांबतो. पुढे नेते ती मुलगीच. पिढ्यानपिढ्या तो जसाच्या तसा उतरत जातो आणि फार मोठ्या काळात कधीतरी एखादं अक्षर बदलतं. मग ते बदललेलं अक्षर त्या बाईच्या सगळ्या लेकी, नाती, पणत्या घेऊन चालतात.

हे मला पुस्तकापेक्षा आईच्या फिरकीच्या तांब्यावरून जास्त कळलं. तू तो पाहिलायस, पंढरपूरला जाताना आई त्यात पाणी घ्यायची. गेल्या दिवाळीत चिंचेने घासताना मला तळाशी अक्षरं दिसली, छिन्नीने ठिपका ठिपका ठोकून घातलेली: ‘चि. सौ. कां. द्वारका हिस आईकडून.’ त्याच्यावर माझ्या आजीचं नाव, ‘हिस आईकडून.’ त्याच्यावर आईचं, आणि गळ्याशी माझं, तेवढं मशीनने घातलेलं. आमच्या घरात द्वारका कुणीच नव्हती. मामांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अगं, ती आमची आजी. रमाबाई. द्वारका तिचं माहेरचं नाव.” सासरच्या कुलवृत्तांतात ती रमाबाई आहे, अमक्याची द्वितीय पत्नी, एवढंच. तिचं स्वतःचं नाव राहिलं ते त्या तांब्याच्या बुडाशी. आणि तो तिला देणारीचं नाव तर तिथेही नाही. ती नुसती ‘आई’.

समज, द्वारकेने दुसऱ्या मुलीलाही असाच तांब्या दिला असता. त्यावर पहिलं नाव हेच असतं, पुढची वेगळी. कधी दोन्ही तांबे एका ओट्यावर आले असते, तर दोन्ही घरं कुठे फुटली ते वाचता आलं असतं. ओळीचा माग असाच काढतात.

आता आइसलंडचं सांगते. त्या बेटावर माणसं वस्तीला गेली ती साधारण ८७० नंतर. पुरुष बहुतेक नॉर्वेकडचे, पण बायकांच्या निम्म्याहून अधिक ओळी आयर्लंड-स्कॉटलंडच्या बाजूच्या निघतात. त्यामुळे आजच्या आइसलंडी माणसाची आईकडची ओळ युरोपातलीच निघणार, हे सगळ्यांनी धरलेलं. आणि तिथे काही जणांत ‘सी-१’ नावाची ओळ सापडली. निदान १४ हजार वर्षांपूर्वी अमेरिका खंडात ज्या मोजक्या ओळी घेऊन माणूस शिरला, त्यांतली ही एक. युरोपात ती जवळजवळ नाहीच.

पहिल्यांदा वाटलं, अलीकडे कुणी बाहेरून लग्न होऊन आली असेल. मग वंशावळी उघडल्या. नलू, इथे मला त्या देशाचा फार हेवा वाटतो. १७०३ साली त्यांनी अख्ख्या देशाची शिरगणती केली, नावानिशी, भटक्या गरिबांसकट: ५०,३५८ माणसं. तिथे लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. जन्मभर ती अमक्याची मुलगी, ‘दोत्तिर’. त्यामुळे आई, तिची आई, तिची आई, असं जिना चढल्यासारखं वर जाता येतं. आपल्याकडे दुसऱ्याच पायरीला दार लागतं, कारण नाव सासरच्या उंबऱ्यावर तांदळात पुसून नवं लिहिलेलं असतं.

तर त्या जिन्याने संशोधक चार बायकांपर्यंत पोचले. चौघी १७१० ते १७४० च्या दरम्यान जन्मलेल्या, देशाच्या दक्षिणेला वात्नायोकुल या प्रचंड हिमनदीच्या परिसरातल्या. आज हयात असलेली ऐंशीहून जास्त माणसं ही ओळ बाळगून आहेत.

ही सालं नीट बघ. १७०७ ते १७०९ मध्ये तिथे देवीची साथ आली, चारातलं एक माणूस गेलं असं मानतात. त्या साथीतून ज्या आया वाचल्या, त्यांच्या पोटी या चौघी आल्या. पुढे १७८३ मध्ये लाकी या ज्वालामुखीच्या भेगांमधून लाव्हा आठ महिने वाहत राहिला, विषारी वायूने गवत गेलं, गुरं गेली, आणि मागोमागच्या दुष्काळात पाचातलं एक माणूस गेलं. लाकी त्या हिमनदीच्या अगदी जवळ. म्हणजे ज्या भागातून ही ओळ चालली होती, तोच भाग सगळ्यांत जास्त होरपळला. यात कुठेही एका बाईला नुसते मुलगे झाले असते, किंवा तिची एकुलती मुलगी लहानपणी गेली असती, तरी धागा तुटला असता. वंशाचा दिवा म्हणून मुलगा हवा, हे ऐकत आपण वाढलो. या ओळीला नेमकं उलटं लागतं.

असे धागे एरवी सर्रास तुटतात. १९७२ नंतर जन्मलेल्या सगळ्या, म्हणजे १,३१,०६० आइसलंडी माणसांच्या ओळी मागे नेऊन पाहिल्या, तेव्हा दिसलं की जुन्या काळच्या बहुसंख्य बायकांची ओळ संपलेली किंवा संपत आलेली, आणि थोड्या बायकांची मात्र अफाट वाढलेली.

मग चारही घराण्यांतल्या मिळून ११ जणांचा हा डीएनए पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. सिग्रीदुर सुन्ना एबेनेसर्सदोत्तिर आणि आग्नार हेल्गासन यांच्या गटाचं हे काम, २०१० च्या नोव्हेंबरमध्ये बाहेर आलं. त्यावरून ही ओळ उशिरात उशिरा १७०० च्या थोडी आधी आइसलंडात आली, बहुधा त्याच्याही कित्येक शतकं आधी. आणि खरा धक्का पुढे होता. सी-१ च्या तोवर चार फांद्या माहीत होत्या: बी, सी, डी अमेरिकेतल्या, ए आशियातली. ही चारांपैकी एकीतही बसेना. तिला पाचवं नाव द्यावं लागलं, सी-१-ई. तेव्हा जगात ती फक्त आइसलंडात माहीत होती.

वर्तमानपत्रांनी लगेच गोष्ट जुळवली: कोलंबसाच्या पाचशे वर्षं आधी व्हायकिंगांनी, म्हणजे नॉर्वे-आइसलंडकडच्या जुन्या दर्यावर्दींनी, अमेरिकेतून आणलेली बाई. ही गोष्ट नुसती हवेतली नाही, हेही तुला सांगायला हवं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकाला लान्स ओ मेडोज इथे त्यांची घरं १९६० साली सापडली. २०२१ मध्ये तिथल्या लाकडावरून तारीखही निघाली. ९९३ सालच्या सौरवादळाची खूण झाडाच्या वर्तुळात राहते. तिथपासून सालीपर्यंतची वर्तुळं मोजली आणि झाड १०२१ साली तोडलं हे ठरलं. म्हणजे ते गेले होते, राहिले होते, झाडं तोडत होते.

एरिक द रेडच्या सागामध्ये, म्हणजे या प्रवासांच्या जुन्या आइसलंडी कथेत, एक प्रसंग आहे, तो मी तीनदा वाचला. परतीच्या वाटेवर मार्कलंडमध्ये (अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या जंगली भागाला त्यांनी दिलेलं नाव) त्यांना तिथले पाच जण दिसतात: एक दाढीवाला पुरुष, दोन बायका, दोन मुलगे. मोठी माणसं जमिनीत नाहीशी होतात आणि मुलगे हाती लागतात. त्यांना सोबत नेतात, आपली भाषा शिकवतात, बाप्तिस्मा देतात. मुलगे आपल्या आईचं नाव सांगतात, वेतिल्दी. ते नाव लिहून ठेवलेलं आहे गं! ज्या प्रवासांत कितीतरी माणसांची नावं गेली, त्यात एका परक्या बाईचं नाव, पळवलेल्या मुलांच्या तोंडून, हजार वर्षं टिकलं. आणि तरी ही ओळ तिची असू शकत नाही, कारण नेलेले दोघेही मुलगे होते. तिचं जे काही त्यांच्यात होतं ते त्यांच्यापाशीच थांबलं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे रशियातून वेगळीच बातमी आली. करेलियातल्या ओनेगा सरोवरात युझ्नी ओलेनी ओस्त्रोव्ह नावाचं बेट आहे, तिथे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थान आहे. तिथल्या तिघांच्या अवशेषांत सी-१ निघाली, आणि २०१४ मध्ये त्यांतल्या एकाचा पूर्ण वाचलेला डीएनए प्रसिद्ध झाला. तीही नवीनच फांदी, सी-१-एफ, तोवर हयात कुणातही न सापडलेली. म्हणजे युरोपच्या ईशान्य कोपऱ्यात, कुठल्याही जहाजाच्या कितीतरी आधी, सी-१ च्या लेकी नांदत होत्या. मग आइसलंडची ओळ अमेरिकेतूनच आली असं कशावरून? उत्तर युरोपात दबून राहिलेली एखादी फांदी पहिल्या वसाहतीबरोबरच गेली नसेल कशावरून? पहिल्या गटाने अमेरिकेकडे कल दाखवला होता, पण आशिया आणि युरोप ही दोन्ही दारं उघडीच ठेवली होती. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो.

माझं मन विचारशील तर ते आता करेलियाकडे झुकतं. पण कलापेक्षा मला ही ओळ आइसलंडात आणणाऱ्या त्या बाईची काळजी वाटते. तिला कुणी ‘पळवून आणलेली’ म्हणतं, कुणी ‘युरोपातली पहिली अमेरिकन’. ती कदाचित आनंदाने आली असेल, कदाचित तिच्या पणजीलाही समुद्रापलीकडचं काही आठवत नसेल. तिचं दुःख आपण ठरवू नये, असं मला कळकळीने वाटतं. तिची मुलगी जगली, तिचीही जगली, एवढं पक्कं आहे.

आणि एक गंमत तुझ्यासाठी राखून ठेवली होती. ‘सी’ ही ‘एम’चीच लेक आहे. पन्नास-साठ हजार वर्षं मागे गेलं की तुझी आई आणि हिमनदीकाठच्या त्या चौघी एकाच बाईच्या ओटीत येतात. तुझ्या रिपोर्टातलं ते एक अक्षर म्हणजे ती बाई.

तुला दोन्ही मुलगे, मला एक मुलगा. आपल्या दोघींची ओळ आपल्यापाशी थांबणार. पण तुझी तुझ्या बहिणीच्या, मेधाच्या मुलीत चालू आहे, माझी माझ्या बहिणीच्या मुलीत, भाचीत. तांब्या मी भाचीलाच देणार आहे, आणि या वेळी ‘आईकडून’च्या जागी पूर्ण नावं घालून घेणार आहे, द्वारकेपासूनची. सगळी मावतील एवढी जागा पोटावर आहे, मोजून पाहिली.

तू एक कर. मालूमावशींना या आठवड्यात फोन लाव. त्या नव्वदीला आल्या, सकाळी बोलणं स्पष्ट असतं. त्यांच्या आजीचं माहेरचं नाव विचार, सासरचं नको. माहेरचं गाव विचार. तिला बहिणी किती होत्या आणि कुठे दिल्या, तेही. आडनाव आठवलं नाही तर नदी कुठली, देव कुठला हे विचार, त्यावरून गाव सापडतं. आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठव.

तांब्याच्या बुडाचा फोटो सोबत आहे. मोठा करून बघ, ‘द्वा’च्या शेजारी पोचा आलाय, पण अक्षर वाचता येतं.

तुझी,
सुमा