पालकमंत्र्यांना खुले पत्र: आराखडा कोरा असताना बोलवा

मा. पालकमंत्री,
सोलापूर जिल्हा

सादर नमस्कार.

मी पूर्व भागातला यंत्रमागधारक. बारा माग आहेत, टॉवेलचं काम. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे, मी स्वतःचे घातले आणि माझा मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो. सोमवारी पहाटे त्याला हुतात्मा एक्सप्रेसला सोडायला जातो तेव्हा फलाटावर आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं भेटतात. पिशवीत शेंगाचटणी, कडक भाकरी, आणि चेहऱ्यावर अर्धी झोप. या पोरांसाठी सोलापुरात काय करायचं, हे ठरवणाऱ्या खुर्चीत तुम्ही आहात. ते कसं ठरतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

काही महिन्यांपूर्वी एका कार्यालयातून फोन आला. वस्त्रोद्योगाच्या विकास आराखड्यावर उद्या बैठक आहे, सूचना मांडायला या. गेलो. पडद्यावर आराखडा तयार होता, तोही इंग्रजीत. माझ्या शेजारी एक सायझिंगवाले, म्हणजे सुताला खळ देणारे, बसले होते. त्यांनी उठून एकच विचारलं, “साहेब, एवढं सगळं उभारणार, पण पाणी कुठून आणणार?” उत्तर आलं, “नोंद घेतली.” मग हजेरीच्या कागदावर सह्या झाल्या, चहा झाला. ज्या शहरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी आलेलं आम्ही वर्षानुवर्षे पाहिलं, तिथे सूत खळीत घालणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न पाण्याचाच असणार. तो आराखडा करतानाच त्यांना विचारला असता तर?

हे मी पोटतिडकीने लिहितो, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. राहत्या घरामागच्या जुन्या शेडमधले माग मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या नव्या शेडमध्ये हलवले. पत्र्याचं छत, उंच, ऐसपैस. सगळं एकट्याने ठरवलं. माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या जॉबरला विचारलं नाही, मागावरच्या माणसांना विचारलं नाही. एप्रिल उजाडला आणि सूत पटापट तुटायला लागलं. सोलापूरचा उन्हाळा कोरडा. हवेत ओल नसली की सुती धागा ठिसूळ होतो. धागा तुटला की माग थांबतो, आणि मजुरी मालावर असल्यामुळे कामगाराच्या खिशातले पैसे तिथेच कमी होतात. त्या उन्हाळ्यात दोन जुनी माणसं सोडून गेली. आमचा जॉबर नंतर शांतपणे म्हणाला, “मालक, जुन्या शेडमध्ये जाड भिंती होत्या, आम्ही दुपारी फरशीवर पाणी मारायचो. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

तेव्हापासून पगाराच्या दिवशी आम्ही अर्धा तास बसतो. टॉवेल कापून शिवणाऱ्या बायकाही बसतात. सुरुवातीला कुणी बोलेना. चौथ्या-पाचव्या वेळी एका ताईंनी दोन टॉवेल माझ्या हातात ठेवले. एकाच मागाचे. एकाची लव भरदार, दुसऱ्याची एका कडेला विरळ. लवेचं सूत गुंडाळलेल्या वरच्या बीमचा, म्हणजे रुळाचा, ताण एका बाजूने बिघडला होता. मागावर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रोज शेकडो टॉवेल हाताखालून जाणाऱ्या बाईच्या बोटांना ते कळलं. बारा मागांच्या कारखान्यात एवढं कळतं, तर अख्ख्या जिल्ह्यात किती बोटांना काय काय कळत असेल!

आणि यासाठी नवा कायदा करायची गरजच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली, १९९८ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला. समितीतले दर पाचातले चार सदस्य जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. अध्यक्ष तुम्ही, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत तिथे प्रशासक होते. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर शहराच्या वतीने समितीत निवडून जाणार कोण? कोट्यवधींचे वार्षिक आराखडे त्या काळातही मंजूर झालेच. आता नगरसेवक आले आहेत. त्यांच्यातून समितीवर जायची माणसं रीतसर निवडली जावीत आणि ती पूर्ण भरलेली समिती खरोखर बसावी, चर्चा करावी, ही माझी पहिली मागणी आहे.

एकत्र बसायची सवय नसली की काय होतं, ते या शहराने सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीच्या वेळी भोगलं. ती चिमणी विमानांच्या वाटेत येत होती. विमानसेवा हवी म्हणणारे आमचेच, कारखान्यावर ऊस घालणारे शेतकरीही आमचेच. वर्षानुवर्षे मोर्चे, उपोषणं, कोर्टकचेऱ्या चालल्या आणि शेवटी १५ जून २०२३ ला पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली. २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, त्याचा मला आनंद आहे. पण घराघरांत जी कटुता राहिली ती टळली असती. दोन्ही बाजूंना सुरुवातीलाच एका टेबलावर बसवून खर्चाचा, नुकसानभरपाईचा, जागेचा हिशेब मांडायला कुणीतरी हवं होतं.

उलट उदाहरणही याच मातीतलं आहे. कुंभारीजवळचं रे नगर पाहा. विडी कामगार बाया, मागावरचे कामगार, शिलाईकाम करणारे अशा असंघटित माणसांसाठी ३०,००० घरांचा प्रकल्प. १९ जानेवारी २०२४ ला त्यातल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. त्यामागे कामगारांचीच सहकारी संघटना होती. रोज हजार विड्या वळल्याशिवाय ज्यांची चूल नीट पेटत नाही, त्या बायका वर्षानुवर्षे सभांना बसल्या, मोर्चात चालल्या. या बायकांना नियोजन करता येत नाही असं मला कुणी सांगू नये. विडीचं काम घटत चाललंय. त्यांच्या मुलींनी पुढे काय करायचं, हे ठरवताना त्याच नसतील तर तो आराखडा कुणासाठी?

म्हणून माझी दुसरी मागणी. नियोजन समितीच्या सोबतीला वस्त्रोद्योगाचा एक कायमचा गट नेमा. त्यात मोठे कारखानदार असोत, पण आठ-दहा मागांचा मालक, जॉबर, मागावरचा कामगार, सायझिंग आणि रंगणीवाले, गणवेश शिवणारे, सुताचे व्यापारी, कटिंग-शिलाईच्या बायका हेही हवेत. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून कितीतरी वर्षं झाली, तरी दुसरीकडे विणलेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून सर्रास विकली जाते. ते कसं रोखायचं, यावर या लोकांकडे बोलण्यासारखं पुष्कळ आहे. डाळिंबवाल्यांचा, मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्यांचा असाच गट व्हावा, पण त्याबद्दल ते अधिक नेमकं सांगतील.

आणि एक छोटी गोष्ट, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. आराखड्याचा मसुदा बैठकीच्या महिनाभर आधी मराठीत आणि तेलुगूत लावा. कन्ना चौकात, अशोक चौकात, एमआयडीसीच्या फाटकावर. आमच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात. पंचावन्न वर्षांचा विणकर इंग्रजी पडद्याकडे बघून मान डोलावतो आणि गप्प बसतो. बैठक संध्याकाळी सातनंतर, दिवसपाळी सुटल्यावर ठेवा. तिथे आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे ‘मान्य’ की ‘अमान्य’ आणि का, एवढं लिहून तोच कागद पुन्हा त्याच चौकात लावा.

पहिल्या बैठकीला जागा हवी असेल तर आमची शेड मोकळी करून देतो. सतरंज्या आमच्याच विणीच्या आहेत. फक्त तारीख कळवा, मी जॉबरला आणि त्या ताईंना घेऊन बसतो.

आपला,
एक यंत्रमागधारक
पूर्व भाग, सोलापूर