बाटलीवरचं नाव वाचायला दिलंत, मॅडम

आदरणीय मॅडम,

माझ्या शेजारच्या काकूंच्या गर्भाशयाच्या पिशवीतला तुकडा तपासायला पाठवताना तुम्ही त्यांना बाटलीवरचं नाव वाचायला लावलंत, त्याबद्दल हे पत्र. ऑपरेशनचे आभार आहेतच, पण ते पुढे. आधी बाटली.

फॉर्मॅलिनची, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणाची छोटी बाटली, तळाशी गुलाबी-तपकिरी दोऱ्यांसारखे तुकडे. ती सिस्टरांकडे देण्याआधी तुम्ही काकूंपुढे धरलीत. "चष्मा लावा. तुमचंच नाव आहे ना, बघा." काकूंनी अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं. नाव बरोबर होतं, वय ५६ लिहिलेलं. "अठ्ठावन्न हो," त्या म्हणाल्या. तुम्ही खोडून ५८ केलंत आणि बाजूला सही केलीत. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्याआधीचे आठ महिने त्यांच्या पिशवीबद्दल जे काही बोललं गेलं, ते मुलाशी नाहीतर सुनेशी. हे बरोबर आहे का, असं खुद्द त्यांना विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या.

याआधीही त्यांच्या पिशवीतून तुकडा निघाला होता. तो कुठे गेला, कुणालाच माहीत नाही.

पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, आणि परकराला लाल डाग. पहिल्या दवाखान्यात "या वयात होतं, अंगात उष्णता आहे" म्हणून रक्त थांबवायच्या गोळ्या. गोळ्या होत्या तोवर डाग थांबले, संपल्या की पुन्हा सुरू. दुसरीकडे पॅप स्मिअर केला, नॉर्मल आला, "निश्चिंत राहा" म्हणून घरी पाठवलं. तिसरीकडे पिशवी साफ केली. डिस्चार्ज कार्डावर क्युरेटिंग, म्हणजे खरवडून काढलेलं अस्तर, असं लिहिलंय, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मात्र नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यात काही दिसलं नाही." डोळ्यांना दिसत असतं तर सूक्ष्मदर्शक कशाला बनवला असता? पिशवीचं आतलं अस्तर १४ मिलिमीटर, म्हणजे जाड, असल्याचा सोनोग्राफीचा कागदही फाईलमध्येच होता. तिघांनी फाईल उघडली, वाचली कुणीच नाही.

पत्र उघडं आहे, म्हणून तुम्हाला पाठ असलेलं इथे पुन्हा लिहिते. पाळी थांबून सलग बारा महिने झाले, की त्यानंतर अंगावरून जाणारं रक्त म्हणजे पाळी नव्हे. ते एक थेंब असो, गुलाबी पाणी असो की एकदाच पडलेला डाग. असं रक्त जाणाऱ्या शंभर जणींत साधारण नऊ-दहा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, म्हणजे बहुतेकींना निघत नाही. कारण सुकलेलं अस्तर असतं, नाहीतर पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा मऊ कोंब. पण उलटीकडून बघा: ज्यांना हा कॅन्सर होतो, त्यांतल्या दहापैकी नऊजणींना आधी रक्तच दिसलेलं असतं. रोग इतक्या लवकर हाक मारतो आणि आपण उष्णता म्हणतो. पॅप स्मिअर ही गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आहे. आतल्या अस्तराबद्दल तिच्यावर विसंबता येत नाही.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा कमी असेल, तर कॅन्सरची शक्यता फारच थोडी. त्याहून जाड असेल तर तुकडा घ्यायचा. अस्तर पातळ असूनही रक्त पुन्हा पुन्हा गेलं तरी घ्यायचा, कारण सिरस नावाचा चिवट प्रकार पातळ अस्तरातही लपून बसतो.

तुकडा काढायचा म्हणजे काय, हे तुम्ही ज्या पद्धतीनं सांगितलंत तसं कुणी सांगत नाही. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची, वाकणारी प्लास्टिकची नळी. ती गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवायची, आतली दांडी मागे ओढली की ओढ तयार होते, मग नळी फिरवत वरखाली न्यायची. भूल नाही, टाका नाही. पाळीत येते तशी पण जोरकस कळ येते आणि बहुधा मिनिटाच्या आत ओसरते. म्हणून तासभर आधी वेदनाशामक गोळी, तीही आम्लपित्त, किडनी आणि दम्याचं विचारून. वयस्क बाईत तोंड आकसलेलं असेल तर नळी जात नाही. कधी तुकडा अपुरा येतो, कधी एका कोपऱ्यातला पॉलिप नळीला सापडतच नाही. अशा वेळी हिस्टेरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून बघून तुकडा. "अपुरा नमुना" याचा अर्थ "नॉर्मल" होत नाही, आणि रक्त चालूच असेल तर नॉर्मल रिपोर्टवरही थांबायचं नाही. तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, तुकड्याच्या दहापट तरी. सलाइनमध्ये पडून राहिला तर पेशी सडतात आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती चिखल लागतो. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती काकूंच्या जावेनं तुमच्यासमोर बोलून दाखवली. तुम्ही हसला नाहीत. न तपासता वाढू दिला तर पसरतो, एवढंच म्हणालात.

वजनाबद्दलही तुम्ही टोमणा मारला नाहीत. पाळी गेल्यावर शरीरातली चरबीच इस्ट्रोजेन तयार करते. समोर प्रोजेस्टेरॉन नसलं की ते अस्तर वाढवत राहतं. पीसीओएस या अंडाशयाच्या हार्मोनच्या बिघाडात महिनोन् महिने अंडं सुटत नाही, तेव्हाही हेच. मधुमेह, मूल न होणं, पाळी उशिरा जाणं, स्तनाच्या कॅन्सरसाठीचं टॅमॉक्सिफेन, पिशवी असताना नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, ही बाकीची कारणं. आणि आई-मावशी-भावाला कमी वयात मोठ्या आतड्याचा किंवा पिशवीचा कॅन्सर झाला असेल तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यात उतरणारा जनुकातला दोष, असू शकतो. तुम्ही काकूंच्या माहेरची तीन पिढ्यांची नावं विचारलीत, तेव्हा त्यांना वाटलं लग्न जमवताय.

कॅन्सरच्या भीतीवर या राज्यात पिशव्या काढल्या गेल्यात, तेही विसरता येत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं. जिला गरज नाही तिची पिशवी तिशीत काढायची आणि जिला खरंच रक्त जातंय तिला उष्णता सांगायची! दोन्हीकडे बाईला विचारलं नाही, इतकं साधं आहे ते.

तुम्ही मात्र घाईही केली नाहीत. नुसती हायपरप्लासिया, म्हणजे अस्तराची जादा वाढ असती आणि पेशी बिघडलेल्या नसत्या, तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेलची कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू आत बसवून, दर सहा महिन्यांनी तुकडा तपासून भागलं असतं. मूल हवं असलेल्या तरुणीला अगदी सुरुवातीच्या, सौम्य कॅन्सरमध्येही हा मार्ग काही काळ चालतो. काकूंचा रिपोर्ट एंडोमेट्रिऑइड, ग्रेड १, म्हणजे या कॅन्सरचा नेहमीचा आणि सौम्य प्रकार. एमआरआयनंतर दुर्बिणीतून गर्भाशय, दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं आणि पहारेकरी लसिका गाठी, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो त्या गाठी, काढल्या. पिशवी अख्खी, योनीमार्गातून बाहेर. आत तुकडे करून काढली की पेशी पोटात सांडतात. कॅन्सर स्नायूच्या निम्म्यापेक्षा कमी खोल, गाठी स्वच्छ, पी५३ आणि एमएमआर या तुकड्यावरच्या प्रथिनांच्या तपासण्या ठीक, म्हणून पुढे किरण नाहीत, केमो नाही. खोल गेला असता किंवा ग्रेड ३ असता तर योनीमार्गातून ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलेले किरण, रोग पुढच्या टप्प्यात असता तर कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलची केमो, आणि एमएमआर बिघडलेलं असतं तर इम्युनोथेरपीही. रोग पिशवीपुरता असताना सापडला तर दहापैकी नऊजणी पाच वर्षांनंतरही असतात. आठ महिने वाया जाऊनही काकू यात बसल्या, हे नशीब. तिन्ही दवाखान्यांचं त्यात काही श्रेय नाही.

रोग परतलाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन वर्षांत, म्हणून योनीतून पुन्हा रक्त दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, असं तुम्ही लिहून दिलंत. आणि साखर-बीपी सांभाळा, कारण सुरुवातीला सापडलेल्यांना पुढे धोका या कॅन्सरपेक्षा हृदयाचा जास्त.

परवा साखर तपासायला लॅबवाला मुलगा घरी आला होता. काकूंनी त्याला उभं केलं, चष्मा लावला आणि नळीवरचं नाव वाचल्याशिवाय सोडलं नाही. वय ५९ लिहिलं होतं. बरोबर होतं.

तुमची,
काकूंसोबत टेबलाशेजारी उभी असलेली शेजारीण