सैतानाला अडवण्याच्या आधीचं अर्धं वाक्य

प्रिय मित्रा,

प्रभू येशूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा रात्री वाचलं आणि काल दिवसभर तेच डोक्यात घोळत होतं. तू लिहितोस, 'तीन महिने रोज पहाटे उठून सैतानाला येशूच्या नावाने धमकावतोय, घराचा कोपरा न् कोपरा बांधून घेतोय, तरी ऑफिसातलं दडपण तसंच, हिचं आजारपण तसंच. माझ्यात अधिकारच नाही का रे?' शेवटचं वाक्य वाचून पोटात तुटलं. हेच मी एकदा स्वतःला विचारलं आहे.

तुला कधी सांगितलं नव्हतं. धाकट्या भावाशी माझं बोलणं बंद होतं तेव्हाची गोष्ट. भांडण पैशाचं नव्हतं. वडील गेले त्या दिवशी तो मला एक वाक्य बोलला, तेवढंच. सात महिने गेले. त्या काळात मी प्रार्थनासभेत उभा राहून 'कुटुंबं फोडणाऱ्या आत्म्या, नीघ' असं इतक्या मोठ्यानं म्हणायचो की शेजारचे दचकून आमेन म्हणायचे. मला त्यात बरंही वाटायचं, कबूल करतो. आणि घरी भावाचा फोन वाजला की तो उलटा करून ठेवायचो. मग एका रात्री इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडला. सूर्य मावळेपर्यंत राग धरून बसू नका, आणि लगेच पुढे, सैतानाला वाव देऊ नका. ही दोन वचनं एकमेकांना लागून आहेत, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्याला सभेत हाकलत होतो, त्याला घरात पाट मांडून मीच बसवलं होतं.

तू तुझ्या पत्रात याकोबाचं वचन लिहिलंयस, 'सैतानाला अडवा म्हणजे तो पळून जाईल.' जरा तुझ्या शास्त्रात ४:७ काढून बघ. वाक्य तिथून सुरू होत नाही. आधी आहे, 'देवाच्या अधीन व्हा.' सभांमध्ये तेवढं गळतं. जोर चढायला दुसरं अर्धं बरं पडतं ना! गंमत अशी की वचन अर्ध्यावर तोडणं ही सैतानाचीच सवय. अरण्यात ४० दिवसांच्या उपासानंतर त्याने प्रभूसमोर ९१ वं स्तोत्र म्हटलं. देवदूत तुला हातांवर झेलतील इथवर आला आणि थांबला. पुढच्याच ओळीत सिंह आणि साप पायांखाली तुडवण्याची गोष्ट आहे, ती त्याने कशाला म्हणावी? आणि प्रभूने काय केलं? आरडाओरडा नाही. तिन्ही मोहांच्या वेळी जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं एकेक वचन, 'असा शास्त्रलेख आहे' एवढंच. शेवटी 'चालता हो'.

अधिकार म्हणजे काय ते सगळ्यांत नेमकं कोणी सांगितलं असेल तर प्रभूकडे आलेल्या त्या रोमी शताधिपतीने, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्याने. तो म्हणाला, मी स्वतः हुकमाखालचा माणूस आहे, आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत. क्रम बघ. आधी 'मी हुकमाखालचा', मग 'जा म्हटलं की जातो'. ग्रीकमध्ये सामर्थ्याला 'दुनामिस' आणि अधिकाराला 'एक्सूसिया' असे दोन निराळे शब्द आहेत. आपण अधिकार मागतो आणि मनात धरतो सामर्थ्य, म्हणून घसा कोरडा पडेपर्यंत जोर लावतो. यहुदी याजक स्कव्याचे सात मुलगे आठवतात? 'पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ' असं म्हणून भूत काढायला गेले. भूत म्हणालं, येशूला ओळखतो, पौलही माहीत आहे, तुम्ही कोण? आणि उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन घरातून पळाले बिचारे. प्रेषितांची कृत्ये १९ वाचताना मला आधी हसू येतं आणि मग येत नाही.

तुला अधिकार नाही असं मी म्हणत नाहीये. लूक १० मध्ये प्रभूने तो स्पष्ट शब्दांत दिला आहे. पण त्याने पाठवलेले ते ७० शिष्य आनंदाने परतले तेव्हा त्याने म्हटलं की भुतं वश होतात म्हणून आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत म्हणून करा. तुझं नाव तिथे लिहिलेलं आहे, मग वहिनींचा ताप उतरो वा न उतरो.

वहिनींबद्दल मात्र मला रागच आला. 'घरात शाप आहे, तुझ्या विश्वासात खोट आहे' असं तुला सांगणाऱ्या माणसाला पुन्हा आजारी बाईच्या उशाशी बसू देऊ नकोस. पौलाच्या शरीरातल्या काट्याला तो स्वतःच 'सैतानाचा दूत' म्हणतो, तीनदा विनंती करतो, आणि काटा राहतोच. मिळते ती कृपा. पौलाच्या विश्वासात खोट होती म्हणायचं का? डॉक्टरांचं औषध एक दिवसही चुकवू नका. प्रार्थना कर, तिचा हात हातात घेऊन, हळू आवाजात. तिला झोप लागू दे.

आता ऑफिस. मागच्या तारखेच्या त्या कागदावर सही करायला सांगताहेत, आणि तू पहाटे कोपरे बांधतोस. अरे, लढाई कोपऱ्यात नाही, त्या कागदावर आहे. चौथ्या शतकात यरुशलेमचा बिशप सिरिल बाप्तिस्मा घेणाऱ्यांना सांगे की आधी पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेला तोंड करून हात पुढे करा आणि बोला, 'सैताना, मी तुला नाकारतो.' मग पूर्वेकडे वळायचं. म्हणजे ख्रिस्ती माणसाचं पहिलं काम तोंडावर 'नाही' म्हणणं. इफिस ६ मधली शस्त्रसामग्री वाच, पौल पुन्हा पुन्हा 'उभे राहा' म्हणतो, आणि तो स्वतः बेड्यांत आहे. नाही म्हटल्यावर साहेब खूश होईल असं वचन कुठेही नाही. बढती जाईल. कदाचित नोकरीही जाईल, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. वहिनींशी आधी बोल, हा निर्णय एकट्याने घेऊ नकोस.

भावाचं विचारशील. त्या रात्री फोन केला. तो 'बोल' म्हणाला, मला पुढे काही सुचेना, दोन मिनिटं दोघंही गप्प. मग त्याने विचारलं, 'जेवलास का?' त्या वाक्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही. दुखतं अधूनमधून. पण फोन आता उलटा ठेवत नाही.

साहेबांकडे कधी जाणार ते कळव. त्या वेळी मी दार लावून गुडघ्यांवर असेन, आणि या खेपेला शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही. बाहेर आलास की आधी मला फोन कर, काहीही झालेलं असो. वहिनींना सलाम.

तुझाच,
जुना सोबती