सायलीस, तुझ्या जाडजूड अक्षरांबद्दल

शनिवार पेठ, पुणे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या फाँटची फाइल मिळाली आणि मी ती लगेच कामाला जुंपली. नमुन्याच्या पोस्टरवर ‘गजानन’ सुरेख बसलाय, यात वाद नाही. पण गजानन हा सोपा गडी. ना जोडाक्षर, ना रफार, ना उकार. म्हणून मी आपल्या चौकातल्या मंडळाचा खरा मजकूर लावून बघितला: ‘भव्य रक्तदान शिबिर’, ‘अथर्वशीर्ष पठण’, ‘सर्व कार्यकर्त्यांनी उपस्थित राहावे’.

आधी ‘भ’चं सांगते. शिरोरेघ तू अक्षराच्या जाडीतच जिरवून टाकलीस. टाक. गुजरातीनं ती केव्हाच सोडली, त्यांचं काही अडलं नाही. पण आपल्याकडे भ आणि म, ध आणि घ यांना वेगळं ठेवण्याचं निम्मं काम ती रेघ करते. म आणि घ वरून ती सलग जाते, भ आणि ध वर डावीकडे तुटते आणि तिथे गाठ येते. रेघ गेली की सगळी भिस्त त्या गाठीवर, आणि तुझ्या अक्षरात नेमकी गाठच बुजलीय. बाबांनी प्रूफ हातात घेऊन ‘मव्य रक्तदान’ असं खणखणीत वाचलं, तेही चष्मा लावून. ती गाठ बाहेर काढ. जरा भडक झाली तरी चालेल. मथळ्याचाच फाँट आहे, त्यानं कुणाला कादंबरी वाचायची नाहीये.

आता ‘कार्यकर्त्यांनी’. मंडळाच्या एकाही फ्लेक्सचं या शब्दावाचून भागत नाही, आणि तुझा फाँट नेमका इथेच कोलमडला. काना एकच, त्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दोघांनी राहायचं, आणि शेजारी लगेच ‘नी’ची वेलांटी. तू रफार आणि अनुस्वार सुटे काढलेस. ते एकमेकांवर चढून नुसता गोळा झाला. या दोघांचं मिळून एक वेगळंच चिन्ह काढ, रफाराच्या कुशीत टिंब. मग आकडी किती वळवायची, टिंब किती लहान करायचं, हे तुझ्या हातात राहतं. तसंच दोन ओळी एकाखाली एक लावून बघ. वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत शिरतो, म्हणून मला ओळी इतक्या लांब ठेवाव्या लागल्या की त्या एकाच वाक्याच्या वाटेनात.

अक्षरांच्या आतल्या पांढऱ्या फटी तू सगळीकडे एकाच मापाच्या ठेवल्यास. मापाला सारख्या आहेत, डोळ्याला नाहीत. ‘क्ष’ गच्च दिसतो आणि ‘ग’ मोकळा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मोदक’ उघडून बघ; गूगल फाँट्सवर फुकट आहे. तोही असाच गुबगुबीत, पण अक्षर जसं गुंतागुंतीचं तशी त्यातली फट बदलत जाते, आणि त्या बदलामुळेच सगळी अक्षरं एकसारखी भरल्यासारखी वाटतात. नुसतं बघू नकोस, ‘क्ष’ आणि ‘ग’ मोठे करून शेजारी ठेव.

तुला कमल शेडगे फार आवडतात ना? पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातीत त्यांनी केलेली शीर्षकं मीही कापून ठेवायचे. पण शेडगे नाटकाचं नाव आधी वाचायचे आणि मग त्या नावापुरतीच अक्षरं काढायचे. एखादी वेलांटी लांबवून पुढच्या अक्षराला छत्री धरली तरी चालायचं, कारण पुढचं अक्षर कोणतं ते ठरलेलं होतं. तुला ते ठरवता येत नाही. तुझ्या फाँटमध्ये उद्या कुणी ‘राष्ट्र’ लिहील, कुणी ‘दुर्वांकुर’, कुणी ‘घरगुती मोदक मिळतील’. आम्ही डीटीपीवाले तर काय, काहीही लिहितो. तुझी ‘की’ची लांबलचक वेलांटी म्हणूनच मला खटकली: ‘की’ एकटी असताना देखणी, ‘कीर्तन’मध्ये थेट रफारात घुसलेली.

‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा ठेवलास, मराठी वर्णमालेच्या २००९ च्या शासन निर्णयात आहे तसा, हे बरं केलंस. आणि ‘ळ’! दोन गरगरीत वाटोळी आणि मधे केसाएवढी फट. तो ‘ळ’ मी पानभर मोठा करून छापला आणि टेबलाच्या काचेखाली सरकवलाय. त्याला हात लावू नकोस.

वर्गणीच्या पावत्याही तुझ्याच फाँटमध्ये हव्यात असं मंडळाच्या पोरांचं म्हणणं. मी चौदा पॉइंटवर लावून साध्या कागदावर काढून दाखवलं. शाई पसरली, फटी बुजल्या, आणि ‘अध्यक्ष’ म्हणजे तीन काळे लाडू झाले. अध्यक्षांनी स्वतःच ते बघितलं, त्यामुळे वाद मिटला. पावतीवर मंडळाचं नाव तुझ्या अक्षरात, मोठं. बाकी मजकूर नेहमीच्या साध्या फाँटमध्ये. फाइलबरोबर एक ओळ लिहून देत जा, किती पॉइंटच्या खाली वापरू नये ते. लोक ऐकणार नाहीत, तरी देत जा.

भ, ध आणि रफाराचं तेवढं आधी कर, बाकीचं सावकाश. फ्लेक्स शुक्रवारी छपाईला जातोय, गुरुवारी रात्रीपर्यंत फाइल आली तर तुझ्या अक्षरात जाईल, नाहीतर मी दुसरा फाँट लावून मोकळी होईन. आणि गणपतीला येशील तेव्हा तो लॅपटॉपचा चार्जर इथे विसरून जाऊ नकोस.

तुझी,
आई