‘मदत’ नको, काम सोपवा

महोदय,

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलांना घरकामाची सवय लावा, असा सल्ला सगळीकडून मिळतो. कोणतं काम आणि ते द्यायचं कसं, हे सहसा कुणी सांगत नाही. मग चार वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्यांचा कुंचा येतो आणि दोन दिवसांत तो पुन्हा दारामागे जातो. दोष मुलाचा नसतो. कुंचा त्याच्या खांद्याला लागतो, केर पुढे सरकायच्या ऐवजी उडतो, आणि ‘खोली झाड’ म्हणजे नेमकं कुठवर, हे त्याला कळत नाही. लहान कुंचा द्या, फरशीवर खडूने वीतभर चौकोन आखा आणि केर त्यात आणायला सांगा. चौकोन भरला की सुपलीत भरायचा. काम संपलेलं त्याला डोळ्यांनी दिसतं.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. झाडणं, पुसणं, पाणी ओतणं हा त्यांच्या पद्धतीत शिक्षणाचाच भाग आहे. आज त्यांच्या नावाच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. आत महागडं लाकडी साहित्य असतं, केरसुणी असेलच असं नाही.

पाच वर्षांच्या मुलासाठी सर्वांत चांगलं काम म्हणजे रात्रीची पानं घेणं. माणसं चार, तर ताटं चार, वाट्या चार, भांडी चार. मोजणी आपोआप होते. त्यासाठी ताटं खालच्या फळीवर हवीत. प्रत्येक वेळी ‘आई, काढून दे’ म्हणावं लागलं तर काम आईचंच राहतं. पाण्यासाठी तांब्या देऊ नये. त्याला मूठ नसते, ओल्या हातातून तो निसटतो. मूठ आणि चोच असलेला अर्ध्या लिटरचा हलका जग घ्यावा, तोही अर्धाच भरावा. भांड्याला बाहेरून रबर बँड लावला की पाणी कुठपर्यंत ओतायचं ते कळतं. सांडणारच, म्हणून फडकं कुठे असतं ते पहिल्याच दिवशी दाखवावं. दाखवताना हात सावकाश चालवावेत आणि तोंड बंद ठेवावं. बोलत राहिलं की मूल हात सोडून आपल्या तोंडाकडे बघतं.

हे बिघडवतो आपणच. मुलाने मांडलेली ताटं त्याच्यादेखत सरळ केली, घडी घातलेला रुमाल उलगडून पुन्हा घातला, की आपलं काम खोटं होतं हे त्याला बरोबर समजतं. वाकडं राहू द्यावं, दुसऱ्या दिवशी सुरुवातीलाच एकदा करून दाखवावं. कामाचे पैसेही देऊ नयेत, नाहीतर आठवड्याभरात भाव ठरू लागतो. आणि मुलीला पानं, मुलाला दुकानातून कोथिंबीर, ही वाटणी नको. दर आठवड्याला कामं बदलावीत. गॅस, विळी, इस्त्री आणि फिनेलची बाटली मात्र अजून दूरच.

‘आईला मदत कर’ हे वाक्यही सोडावं. त्यात काम आईचं आणि मूल पाहुणं ठरतं. ‘पानं तुझ्याकडे’ एवढंच म्हणावं. एखाद्या रात्री ते विसरलं तर ओरडू नये, गुपचूप उठून पाणीही आणू नये. सगळ्यांनी जेवायला बसावं. पहिल्या घासाला कुणीतरी ‘पाणी कुठाय?’ विचारतंच.

– एक बालवाडी शिक्षिका, नाशिक