कामगार मंत्र्यांना खुले पत्र : परवाना डोकी मोजून नको, धोका पाहून द्या

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : रासायनिक गाळाच्या टाक्या, प्रदूषित जमिनी आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांच्या सफाईची कंत्राटे घेणाऱ्यांचे परवाने व दंड

महोदय,

कॅन्टीनसाठी ६० माणसे लावणाऱ्या कंत्राटदाराला कामगार खात्याचा परवाना लागतो. रासायनिक कारखान्याच्या ईटीपीतला (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला) गाळ काढायला ६ माणसे घेऊन येणाऱ्याला तो लागत नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कंत्राटदाराच्या परवान्याची मर्यादा ५० कामगारांची आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ती २० होती, आणि महाराष्ट्राने आपल्यापुरती ती आधीच ५० वर नेली होती. गाळाची टाकी, रसायन मुरलेली जमीन, जुन्या शेडवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे ही सगळी लहान टोळीची कामे आहेत. टोळी लहान म्हणून धोका लहान होत नाही. उलट टोळी आणखी कापली की पहिला कमी होतो तो बाहेर दोरी धरून उभा राहणारा माणूस.

आमची मुख्य मागणी अशी : टोळी कितीही लहान असो, या कामांच्या कंत्राटदारांना नोंदणी सक्तीची करा. टाकीत नेमके काय घडते ते आधी सांगतो, कारण आमच्या मागण्या त्यातूनच निघतात.

इक्वलायझेशन टँकच्या (सांडपाणी आधी जमा करून एकसारखे करण्याच्या टाकीच्या) तळाचा गाळ आठवडेच्या आठवडे हवेविना पडून असतो. सल्फेटवर जगणारे जिवाणू त्यात हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि तो गाळातच अडकून राहतो. झाकण उघडून तोंडाशी वायू मोजण्याचा मीटर धरला तर आकडा शून्याच्या आसपास दिसू शकतो. मग माणूस उतरतो, फावडे मारतो, गमबुटाने गाळ ढवळतो आणि अडकलेला वायू एकदम सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशीच साचतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या अनुसूचीत त्याची आठ तासांची सरासरी मर्यादा १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) होती. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होते, त्यामुळे ‘वास गेला म्हणजे गॅस गेला’ हा मुकादमाचा निष्कर्ष नेमका उलटा असतो. ५०० च्या पुढे थोड्या वेळात शुद्ध हरपते, १,००० च्या जवळ एकदोन श्वासांत. तळाची खपली सुटावी म्हणून कोणी अ‍ॅसिड ओतले, तर गाळातल्या सल्फाइडचा वायू व्हायला क्षणही लागत नाही.

म्हणून चाचणी एकदाच आणि एकाच ठिकाणी करून भागत नाही. माणूस उतरण्याआधी बाहेरूनच, पंप आणि नळी लावून, वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर हवा तपासावी लागते. नळी लांब असेल तर तळाची हवा सेन्सरपर्यंत यायला वेळ लागतो. घाईत वाचलेला आकडा नळीतल्या जुन्या हवेचा असतो. आधी ऑक्सिजन पाहायचा (१९.५ ते २३.५ टक्के), मग ज्वलनशील वायू (स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत), मग विषारी वायू. या क्रमाला कारण आहे. ज्वलनशील वायूचा नेहमीचा कॅटॅलिटिक सेन्सर ऑक्सिजनशिवाय चालत नाही. ऑक्सिजन फार खाली गेला असेल तर तो मिथेन असूनही कमी दाखवतो. सिलिकॉनच्या स्प्रेने किंवा खुद्द हायड्रोजन सल्फाइडने हा सेन्सर हळूहळू निकामीही होतो. तेव्हा रोज कामापूर्वी माहीत असलेला वायू देऊन बम्प टेस्ट घ्यायला हवी. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र फाइलला लावून सेन्सर जिवंत राहत नाही.

मग हवा खेळवणे. ५ × ४ × ३ मीटरची टाकी ६० घनमीटरची. तासाला २० वेळा हवा बदलायची तर ब्लोअर तासाला १,२०० घनमीटरचा हवा, आणि त्याची लवचीक नळी तळाच्या जवळ पोचायला हवी. नळी झाकणातच सोडली की वरची हवा वरच फिरते. ब्लोअर डिझेल जनरेटरच्या धुराशेजारी ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड आत ढकलला जातो. ‘आत गुदमरतंय’ म्हणून वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन सोडणे हा तर आगीला दिलेला आहेर. मीटर शेवटच्या माणसाच्या अंगावर तो बाहेर येईपर्यंत चालू राहावा.

आणि बाहेर काढण्याची सोय. ट्रायपॉड (तोंडावर ठेवायची तिपाई), विंच (दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) आणि पूर्ण अंगाचा हार्नेस (पट्ट्यांचा साज) असेल तर वरचा माणूस आत न उतरता खालच्याला ओढून घेऊ शकतो. नुसत्या कंबरपट्ट्याने बेशुद्ध माणूस मधोमध दुमडतो आणि मॅनहोलमधून निघत नाही. ट्रायपॉड नसला की दुसरा उडी मारतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन मृत्यू होतात ते बहुधा असे. कॅनिस्टरचा मुखवटा इथे निरुपयोगी, कारण तो हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही. स्वयंपूर्ण श्वसनसंच लागतो, आणि त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. ६ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला तर साधारण १,८०० लिटर हवा, म्हणजे मिनिटाला ४० लिटरने ४५ मिनिटे. कष्टाच्या कामात त्याहून कमी.

यातले तत्त्व नवे नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ ने बंदिस्त जागेत उतरण्यापूर्वी सक्षम व्यक्तीचे लेखी प्रमाणपत्र, किंवा श्वसनसंच आणि बाहेरच्या माणसाच्या हाती टोक असलेली दोरी, अशी अट घातली. कलम ३६ अ ने आतल्या हातदिव्याला २४ व्होल्टची मर्यादा घातली. नियम होते, ते मोडणाऱ्या कंत्राटदाराची नोंद मात्र कुठे नव्हती.

कायद्याची दुसरी फट याहून विचित्र आहे. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गटारे आणि सेप्टिक टँक यांची धोकादायक सफाई बंद केली. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. पण त्या कायद्याची व्याख्या मानवी मैल्याशी बांधलेली आहे, आणि ईटीपीची टाकी रसायनांची असते. तिथे कर्मचारी नुकसानभरपाईचे सूत्र लागते. १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली तर २५ वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूला ७,५०० × २१६.९१ (निम्मे वेतन गुणिले वयानुसार ठरलेला गुणक), म्हणजे १६,२६,८२५ रुपये. वायू तोच, मॅनहोल तसेच, आणि भरपाई जवळजवळ निम्मी. ही फट बुजवणे केंद्राच्या हाती आहे, हे खरे. पण राज्याच्या शासकीय कामांत आणि सामायिक सांडपाणी केंद्रांच्या करारांत ३० लाखांची अट घालायला तुम्हाला कोणी अडवलेले नाही.

प्रदूषित जमिनींचे काम आता वाढणार आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, जबाबदार कोण ते शोधायचे, तज्ज्ञ संस्थेने शुद्धीकरणाचा आराखडा द्यायचा. किरणोत्सर्गी कचरा, खाणकाम, समुद्रातील तेल आणि घनकचऱ्याची डेपो ही यातून वगळलेली आहेत. या नियमांचा भर जागा आणि खर्च कोणाचा यावर आहे. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाच्या अंगावर काय असावे, ते राज्यालाच सांगावे लागेल. खोदलेली माती उघडी पडते तेव्हा त्यात मुरलेल्या द्रावकांची (सॉल्व्हंटची) वाफ खड्ड्याच्या तळाशी साचते, म्हणून असा चर ही सुद्धा बंदिस्त जागाच समजायला हवी. दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार हवा. क्रोमियमने दूषित मातीला पाण्याची फवारणी आणि कणांचा फिल्टर, द्रावकाच्या मातीला सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज. या दोन्हींत गफलत होते, आणि द्रावकाच्या वाफेसमोर साधा एन-९५ लावून माणसे उभी केली जातात. दूषित कपडे घरी जाऊ नयेत म्हणून धुण्याची आणि अंघोळीची सोय हद्दीतच हवी. अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यांचे थोडक्यात : ते ओले करून, बोल्ट सोडून, अख्खे उतरवायचे आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत जागी द्यायचे. हातोड्याने फोडून टेम्पोत भरणे थांबले तरी बरेच साधेल.

आता दंडाकडे. नव्या संहितेत कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. त्या दंडाचा निम्मा किंवा अधिक भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. जुन्या कायद्यात मृत्यूच्या प्रकरणी दंडाची किमान रक्कम २५,००० रुपये होती, त्या मानाने हे मोठे पाऊल आहे. पण हा दंड माणूस गेल्यावरचा आहे. मृत्यू घडवणारी चूक आदल्या दिवशीही तशीच होत असते, फक्त त्या दिवशी गाळ कमी ढवळला गेलेला असतो. परमिट (टाकीत उतरण्याची लेखी परवानगी) नाही, चालू मीटर नाही, बाहेर माणूस नाही, ट्रायपॉड नाही : यातले एकही आढळले तर अपघाताची वाट न पाहता काम जागीच थांबवावे आणि कंत्राटदाराची नोंदणी ९० दिवस स्थगित करावी. दुसऱ्यांदा आढळले तर ३ वर्षे. रोख दंड निविदेच्या दरात मिसळून टाकता येतो, ९० दिवस बंद पडलेला धंदा तसा मिसळता येत नाही.

ही नोंद मालक, भागीदार, संचालक आणि प्रत्यक्ष देखरेख करणारा सुपरवायझर यांच्या नावावर हवी. नुसत्या फर्मच्या नावावर ठेवली तर पुढच्या महिन्यात तीच माणसे भावाच्या नावाने पाटी लावून येतात. यादी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसावी.

नोंदणी देताना कागद पाहण्याऐवजी सामान पाहावे. चार वायूंचा मीटर, बम्प टेस्टचा वायू, ब्लोअर, ट्रायपॉड, दोन श्वसनसंच आणि ते वापरता येणारी माणसे. अर्जदाराच्या टोळीने रिकाम्या टाकीतून भरलेला पुतळा बाहेर काढून दाखवावा. ज्याला दहा मिनिटांत जमत नाही त्याला परवाना नको. अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागेवर नियमित काम करणाऱ्याला ४० तासांचे प्रशिक्षण, देखरेखीखाली ३ दिवसांचे काम आणि दरवर्षी ८ तासांची उजळणी सक्तीची आहे. आपल्याकडे आयटीआयमधून मराठी आणि हिंदीत असा अभ्यासक्रम चालवणे अवघड नाही. उपकंत्राटाला मात्र पूर्ण बंदी हवी. आमच्या मते यात सूट देण्याजोगे काहीही नाही.

निविदांमध्ये सुरक्षेच्या सामानाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च वेगळ्या बाबीत, ठरलेल्या रकमेने दाखवावा. त्या बाबीवर बोली लागू नये. सर्वांत कमी दराच्या स्पर्धेत आज पहिली कात्री लागते ती बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मजुरीला.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी संहितेत दुरुस्ती होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना जल आणि वायू कायद्यांखाली संमतीपत्र देते आणि त्यात अटी घालते. पर्यावरण खात्याशी बोलून त्यात एक अट वाढवता येईल : ईटीपीची टाकी फक्त नोंदणीकृत कंत्राटदाराकडूनच रिकामी करून घ्यायची आणि किमान ४८ तास आधी टाकीची मापे, शेवटचे रसायन, सुपरवायझरचे नाव आणि परमिट क्रमांक ऑनलाइन कळवायचा. ही कामे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री उरकली जातात. आगाऊ सूचना नसेल तर निरीक्षक पोचेपर्यंत टाकी बंद झालेली असते.

अट मोडल्यास जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावरही (कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणाऱ्यावरही) यावी. अटीचे परिपत्रक मार्चअखेर निघाले तर उपयोगाचे आहे, कारण उन्हाळ्यात गाळ जास्त कुजतो आणि टाक्या रिकाम्या करण्याची घाई पावसाळ्याआधीच्या आठवड्यांत असते.

आपले,
औद्योगिक सुरक्षा आणि प्रदूषित स्थळांच्या शुद्धीकरणाच्या कामातील अभियंते व सुरक्षा अधिकारी

प्रत : मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य