आठवीपर्यंत समिती, नववीपासून नुसती सही

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : माध्यमिक शाळेत पालकांना हक्काने हातभार लावता यावा, याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात राहते आणि घरी शिलाईकाम करते. मिस्टर नवी मुंबईत माथाडी आहेत, महिन्यातून एकदा गावी येतात. मुलगी यंदा दहावीला आहे.

ती सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तिथे मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर होते. पोषण आहाराचा तांदूळ आला की आम्ही दोघी-तिघी पोतं उघडून बघायचो, मूठभर परातीत घेऊन निवडायचो. कुणाचं पोर चार दिवस दिसलं नाही तर संध्याकाळी त्याच्या घरी जायचो. तेव्हा आम्हाला कुणी 'तुम्ही कोण?' असं विचारलं नाही, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 21 व्या कलमाने आम्हाला ती जागा दिलेली होती. समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका हव्यात, असं कायदाच सांगतो.

मग मुलगी हायस्कूलला गेली. शाळा अनुदानित. 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळेतल्या समितीला फक्त सल्ला देता येतो. तेही आठवीपर्यंतच, कारण कायदा सहा ते चौदा वयापुरता आहे. नववीपासून तेवढंही नाही. राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात माध्यमिक शाळेसाठी अशी समिती होती, 2018 ला ते अभियान केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत गेलं. पण योजनेतली समिती कायद्यातल्या समितीसारखी भक्कम नसते. साहेब, मुलगी हाताबाहेर जाते, शाळा सुटते, लग्नाचं बघायला लागतात, ते नववी-दहावीतच. नेमकं तेव्हाच कायद्याने पालकाचा हात सोडलाय.

शिक्षक-पालक संघ आहे की, असं आपण म्हणाल. आहे. गेल्या वर्षी नववीच्या पालकांची सभा एका बुधवारी अकरा वाजता होती. गावात घेवड्याची काढणी चालू होती. कोरेगावचा वाघ्या घेवडा आपल्याला माहीत असेलच. शेंग तडकली की रानातच सांडते, ती कुणासाठी थांबत नाही. पासष्ट पालकांपैकी आम्ही चौदा जण आलो. रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या, दोन ठराव वाचले, चहा झाला. मग चाचणीचे मार्क मोठ्याने वाचून दाखवले. माझ्या शेजारच्या बाईंच्या मुलाला गणितात चार मार्क. त्यांनी पदर ओढून घेतला आणि चहाचा कप तसाच बाकावर ठेवून निघून गेल्या. त्या पुन्हा कुठल्याच सभेला आल्या नाहीत. पालक येत नाहीत अशी तक्रार मी शिक्षकांकडून कितीदा ऐकलीय. खरी आहे ती, आमच्यातही उणं आहे. बाप मंडळी तर सभेला बाईनेच जायचं असं धरूनच चालतात. पण बोलावून काय करायला सांगता, हेही बघायला हवं.

आता मूळ गोष्ट सांगते. थंडीत दहावीचे जादा तास असतात. तास पावणेसहाला सुटतो, वाड्यावस्त्यांकडे जाणारी गाडी पावणेसातची. डिसेंबरात सव्वासहाला अंधार पडतो. फाट्यावर एक टपरी आणि एक दिवा, तोही कधी असतो, कधी नसतो. दिवाळीनंतर जादा तासाच्या मुली एकेक करत कमी झाल्या. घरच्यांनी बंद केलं. माझी मुलगी तेव्हा नववीत होती, पण पुढच्या वर्षी तिच्यावरही तीच पाळी येणार होती. म्हणून आम्ही सहा जणी मुख्याध्यापकांकडे गेलो. रोज दोघी फाट्यावर थांबू, शेवटची मुलगी गाडीत बसली की वहीत वेळ लिहू, वही सकाळी शाळेत देऊ. पैसे नकोत, काही नको. शाळेने फक्त घरोघरी चिठ्ठी द्यावी की ही सोय आहे.

सर चांगले आहेत, हे आधी सांगते. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, उद्या काही झालं तर मला विचारतील, या बायका कुणाच्या परवानगीने थांबत होत्या? मी कुठला कागद दाखवू?"

चिठ्ठी निघाली नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. 2024 च्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळेच्या आवारात कोण येतं-जातं यावर कडक लक्ष हवंच, मलाही तेच वाटतं. पण अनोळखी माणसाला अडवणारी भिंत आईलाही अडवू लागली, तर कुठंतरी चुकतंय.

म्हणून माझं मागणं एकच आहे. मुख्याध्यापकांना निर्धास्त 'हो' म्हणता येईल असा शासन निर्णय काढा. नववी ते बारावीसाठी पालकांची समिती कायद्याच्या जोराने असू द्या. पालकाने मुलांसाठी कुठली कामं करावीत, नोंद कशी ठेवावी, ओळख कशी पटवावी, हे त्यात सोप्या मराठीत लिहा. कुणीही एकट्याने मुलांसोबत थांबायचं नाही, कायम दोघं, हा नियम पहिला घाला. सभा संध्याकाळी किंवा रविवारी घ्यायला सांगा. आणि पालक म्हणजे आई-बापच असं धरू नका. आमच्याकडे पाटण, जावळी, खटावमधली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावर चालतात आणि मुलं आजीजवळ वाढतात. त्या आजीच्या अंगठ्यालाही सहीचा मान द्या. सांभाळणारा तो पालक, हे कायदाही मानतो.

केंद्राचं विद्यांजली पोर्टल 2021 पासून आहे, शाळेला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांनी त्यावर नाव नोंदवायचं. ज्यांना जमतं त्यांनी नोंदवावं. आम्हा सहा जणींत स्मार्टफोन दोघींकडे आहे.

हा जिल्हा असल्या कामाला नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मुष्टिफंड सुरू झाला. बायका रोज दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढायच्या. त्यांतल्या किती जणींना वाचता येत होतं? तरी आपण शाळा चालवतोय हे त्यांना माहीत होतं. आज आमच्याकडून वर्गणी मागतात, बेंच मागतात, पंखे मागतात. आम्ही जमेल तेवढं देतोही. पण आमच्यात वायरमन आहेत, गवंडी आहेत, दवाखान्यात काम करणाऱ्या आहेत. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ वर्षभर गळत होता आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलाचे वडील प्लंबर होते. त्यांना कुणी विचारलंच नाही.

फाट्यावर आम्ही आमच्या जबाबदारीवर थांबतो, शाळेचं नाव कुठेही घेत नाही. घरोघरी आम्हीच सांगत फिरलो. गेल्या वर्षी जानेवारीत पाच मुली जादा तासाला परत आल्या. यंदा माझी मुलगीही जादा तासाला आहे. वही माझ्याकडे आहे, आपण मागितली तर पाठवते. माझी पाळी बुधवारी असते.

आपली नम्र,
दहावीतल्या एका मुलीची आई
ता. कोरेगाव, जि. सातारा